गडचिरोली लिंक: दुर्बिणीच्या व्हिडिओच्या कामाच्या नोंदी

१८ जून २०२४

आजपासून काम रीतसर सुरू. इथं नागपूरला बसून गडचिरोली जिल्ह्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) चाललेलं दुर्बिणीचं ऑपरेशन लाइव्ह बघायचं आणि इथल्या सीनियर सर्जन सरांनी तिथल्या सर्जन मॅडमना बोलून साथ द्यायची, असं हे काम आहे. रोबो वगैरे काही नाही, हात मॅडमचेच आणि निर्णयही त्यांचाच. ओपन सर्जरीत त्यांचा हात बसलेला आहे, दुर्बिणीतून पित्ताशय काढायलाही त्या शिकल्यात, पण अवघड केस आली की बाजूला सीनियर कुणी नसतं, मग पेशंट नागपूरला पाठवावा लागतो.

आणि तिकडे असे पेशंट कमी नाहीत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात, बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य) वाढतं, त्याचेच खडे पित्ताशयात तयार होतात, त्यामुळे पन्नाशीत होणारा आजार तिथं विशीतल्या पोरापोरींना होतो. अशा पेशंटला एसटीने दीड-दोनशे किलोमीटर आणायचं म्हणजे वाटेत पाणी कमी पडलं, दमणूक झाली की सिकलसेलचंच दुखणं उसळायची भीती. ऑपरेशन तिथल्या तिथं सुरक्षित झालं तर किती घरांचा त्रास वाचेल हे मला सारखं डोळ्यासमोर दिसतंय.

क्वालिटी किती हवी असं विचारलं की जो तो म्हणतो एचडी द्या. सरांनी मात्र नीट सांगितलं, ते म्हणाले, "क्लिप लावायच्या आधी मला पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच नळ्या दिसल्या पाहिजेत, आणि दोनच आहेत याची खात्री पटली पाहिजे. बाकीचं थोडं धूसर दिसलं तरी चालते." क्लिप म्हणजे कापायच्या आधी नळी बंद करणारा छोटा चिमटा. सर्जन लोक या खात्रीला क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी म्हणतात, अमेरिकेतले सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेली गोष्ट: पित्ताशयाची नळी, मुख्य पित्तनलिका आणि लिव्हर यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी आणि चिवट पडदे साफ झालेले, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग लिव्हरपासून सुटलेला, आणि आत जाणाऱ्या फक्त दोन गोष्टी, एक नळी आणि एक धमनी. यात चूक झाली तर मुख्य पित्तनलिकाच कापली जाऊ शकते आणि त्या पेशंटचं पुढचं सगळं आयुष्य बदलतं. म्हणजे माझं स्पेसिफिकेशन हेच, या एका घडीला चित्र विश्वासाचं असलं पाहिजे.

२४ जून

साधा हिशोब करून ठेवतो. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकी २४ बिट, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे कच्चा व्हिडिओ साधारण दीड गिगाबिट दर सेकंदाला. तिथून वर येणारा अपलोड भरवशाने धरायचा तर चार मेगाबिट. म्हणजे पावणेचारशे पटीच्या आसपास दाबायचं आणि तरी नळी दिसली पाहिजे.

तिथे आत्तापर्यंत नेहमीचं व्हिडिओ कॉलचं ॲप वापरायचे. सरांकडच्या एका जुन्या केसचं रेकॉर्डिंग त्यातून पाठवून बघितलं. नेट जरा खाली आलं की ॲप गुपचूप रिझोल्यूशन अर्ध्यावर आणतं आणि फ्रेमचा वेग टिकवतं. माणसांच्या गप्पांसाठी ते बरोबरच आहे, ओठ हलताना अडखळले तर लोक कंटाळतात, चेहरा थोडा पुसट झाला तर कुणाचं बिघडत नाही. आपल्याला नेमकं उलटं हवं. वेबआरटीसीमध्ये, म्हणजे लाइव्ह व्हिडिओ पाठवायच्या खुल्या तंत्रात, ही पसंती कोडमधून सांगता येते, रिझोल्यूशन धरून ठेव आणि फ्रेम कमी झाल्या तरी चालेल असं, त्यामुळे तयार ॲप सोडून स्वतःचं बांधायचं ठरवलं. सेकंदाला पंधरा फ्रेमपर्यंत उतरलो तरी सर म्हणतात जमते, आडवा-उभा पिक्सेल मात्र सोडायचा नाही.

२ जुलै

लाल रंगाने आठवडा खाल्ला पण यात एवढं काही हाती लागलं की सविस्तर लिहितो.

तक्रार अशी होती की तोच एन्कोडर (व्हिडिओ दाबणारा भाग), तोच बिटरेट (सेकंदाला जाणारे बिट), पण कॉरिडॉरचा व्हिडिओ छान दिसतो आणि पोटातला चपटा. कारण असं की व्हिडिओ पाठवताना उजेड आणि रंग वेगळे केले जातात. उजेडाचा सिग्नल पूर्ण रिझोल्यूशनचा, रंगाचा मात्र चार पिक्सेलला मिळून एकच नमुना, ४:२:० म्हणतात ते हेच. रांगोळीत रेघ बारीक आखायची आणि रंग चिमटीने अंदाजे पसरायचा, तसं. साध्या दृश्यात डोळ्याला फरक कळत नाही कारण बारकावे सगळे उजेडात असतात. पण एचडीच्या सूत्रात त्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा फक्त २१ आणि निळ्याचा ७. पोटात जवळजवळ सगळं लालच, लालवर लाल, गडद लालवर फिकट लाल, म्हणजे उजेडाच्या सिग्नलमध्ये तो फरक पोचतो तोच थोडासा, आणि उरलेला ज्या रंगाच्या सिग्नलमध्ये असतो तो आधीच पातळ केलेला. वरून एन्कोडरला वाटतं की या अंधाऱ्या भागात बिट कशाला घालवायचे, तो तिथलं सगळं गुळगुळीत करून टाकतो. पिवळी चरबी सुरेख दिसते आणि तिच्या मागची धमनी गायब!

उपाय दोन केले. एकतर ४:४:४, म्हणजे रंगही पूर्ण रिझोल्यूशनचा, चालवून बघितलं, फरक दिसतो पण तिथल्या मशीनवर हार्डवेअर एन्कोडरला ते झेपत नाही आणि सॉफ्टवेअरवर गेलो की लॅग, म्हणजे चित्र पोचायला लागणारा उशीर, वाढतो, म्हणून लाइव्हसाठी सोडून दिलं. दुसरं, अंधाऱ्या भागात बिट जास्त द्यायची सेटिंग चढवली आणि फ्रेम ३० वरून २० वर आणल्या, म्हणजे दर फ्रेमला दीडपट बिट मिळाले. सरांना न सांगता दोन्ही क्लिप दाखवल्या, दुसरी लागताच म्हणाले "हे पाहा, आत्ता कशी धमनी दिसून राहिली."

५ जुलै

छोटी पण महत्त्वाची गोष्ट. इकडच्या स्क्रीनवर रक्त जरासं नारिंगी आणि पित्ताचा हिरवा दबलेला दिसत होता. कॅमेऱ्याचं चित्र कॉम्प्युटरात घेणारं कॅप्चर कार्ड डिफॉल्टने जुन्या एसडीचं रंगाचं सूत्र लावत होतं आणि इकडचा प्लेयर एचडीचं धरून उलगडत होता. दोन्हीकडे एचडीचं सूत्र (७०९) पक्कं केलं, प्रश्न संपला. पित्त गळतंय का हे सर हिरव्या छटेवरून ओळखतात, त्यामुळे याला "थोडा रंग इकडेतिकडे" म्हणून सोडता येत नाही.

११ जुलै

पाऊस. रस्त्याच्या कामात फायबर तुटली, दिवसभर लिंक बंद. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो हे दर पावसाळ्याचंच, तेव्हा त्या पट्ट्यात एकाच वायरवर विसंबून चालणारच नाही. फायबर अधिक दोन वेगवेगळ्या कंपन्यांची ४जी सिम, तिन्हीवरून एकाच वेळी डेटाची पाकिटं पाठवायची असं बांधतोय. सॅटेलाइटचाही विचार झाला. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर वर, सिग्नल वर जाऊन खाली यायलाच २४० मिलीसेकंदांच्या आसपास, एन्कोडिंगचा वेळ त्यात वेगळाच. बोलण्यापुरता शेवटचा आधार म्हणून ठीक.

प्लॅन विकणारे डाउनलोडचा आकडा सांगतात, आपल्याला तिकडचा अपलोड हवाय हे प्रत्येक वेळी नव्याने समजवावं लागतं.

१९ जुलै

स्वतः जाऊन आलो. ओटी नीटनेटकी, सिस्टर आणि टेक्निशियन भाऊ दोघंही एकदम तयार माणसं.

मॅडम म्हणाल्या, "इथं आमच्याच मॉनिटरवर अंधारल्यासारखं दिसते, तिकडे तुम्हाला काय दिसणार?" मग लिंक बाजूला ठेवली आणि दुर्बिणीपासून सुरुवात केली. दुर्बिणीला उजेड पुरवणारी लाइट केबल काढली, एक टोक ट्यूबलाइटकडे धरलं आणि दुसऱ्या टोकात बघितलं तर काळे ठिपकेच ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे आतला एक तुटलेला तंतू. केबल घट्ट गुंडाळून ठेवली की हे होतंच. उजेड कमी पडला की कॅमेरा गेन (सिग्नलची ताकद) वाढवतो, गेन वाढला की चित्रात बारीक वाळूसारखा नॉइज येतो आणि एन्कोडरच्या दृष्टीने नॉइज म्हणजे दर फ्रेमला बदलणारी नवी माहिती, तो सगळे बिट त्यातच घालवतो, नळीसाठी उरतच नाहीत. कपाटात एक चांगली केबल होती, ती लावली आणि त्याच बिटरेटला चित्र इतकं सुधारलं की मॅडमनी नागपूरला फोन लावून सरांना स्क्रीनसमोर बसायला सांगितलं.

आणखी दोन गोष्टी. व्हाइट बॅलन्स हिरव्या चादरीकडे दुर्बीण धरून केला जायचा, आता कोऱ्या पांढऱ्या गॉजवर करायचा हे भिंतीवर लिहून लावलं. आणि लेन्सवर वाफ धरते त्यासाठी थर्मासमध्ये गरम सलाइन, पोटात घालायच्या आधी दुर्बीण त्यात बुडवायची, सिस्टरना हे आधीपासून माहीत होतं पण थर्मास फुटल्यापासून बंद पडलं होतं. नवीन थर्मास गावातूनच आणला.

माझं मत आता पक्कं झालंय, कुणीही असं काम सुरू करत असेल तर मेगाबिट विकत घ्यायच्या आधी लाइट केबल तपासा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मोठमोठ्या ओटीतही हेच होतं.

२७ जुलै

क्वालिटी मोजायची कशी यावर डोकं लावतोय. पीएसएनआर आणि एसएसआयएम, म्हणजे पोचलेलं चित्र मूळ चित्राशी किती जुळतं हे सांगणारे आकडे, काढले, आकडे फारच छान आले आणि तिथंच शंका आली. दुर्बिणीचं चित्र गोल असतं, भोवतीचे कोपरे ठार काळे. काळा कोपरा दाबून पाठवला तरी जसाच्या तसा येतो, म्हणजे फ्रेमच्या एवढ्या मोठ्या भागाला पैकीच्या पैकी मार्क आणि सरासरी वर. गोलाच्या आतलं तेवढं कापून पुन्हा मोजलं तर आकडे चांगलेच खाली उतरले. त्यातही सगळ्या गोलाची सरासरी काय कामाची, सगळं लिव्हर सुंदर आणि त्रिकोण तेवढा पुसट असं असेल तरी आकडा चांगलाच येणार.

म्हणून माणसांना बसवलं. संध्याकाळी ड्युटी संपल्यावर काही रेसिडेंट डॉक्टर थांबले, दमलेले होते तरी थांबले, त्यांचे मनापासून आभार. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या पद्धतीत एक ते पाच मार्क द्यायचे असतात, ते घेतलेच, पण सोबत दुसरं काम दिलं: स्क्रीनवर बोट ठेवून नळी दाखवा, धमनी दाखवा, आणि खात्री नसेल तर "माहीत नाही" म्हणा. मजा म्हणजे शार्पनिंग लावलेल्या क्लिपला मार्क जास्त मिळाले, पण शार्पनिंगमुळे कडेला जी उजळ रेघ उमटते तिलाच एकाने बारीक रक्तवाहिनी म्हणून दाखवलं. डोळ्याला आवडणं वेगळं आणि बरोबर दिसणं वेगळं. शार्पनिंग बंद, स्क्रीनचा व्हिव्हिड मोडही बंद. टीव्ही गेम मोडवर टाकला, त्यामुळे टीव्ही स्वतः जो लॅग वाढवतो तोही गेला.

६ ऑगस्ट

लॅग मोजला. तिकडे कॅमेऱ्यासमोर मोबाइलवर स्टॉपवॉच आणि मॅडमचा मॉनिटर, इकडे आमची स्क्रीन, दोन्हीकडची घड्याळं आधी जुळवून घेतली. बहुतेक वेळ पाव सेकंदाच्या आसपास, नेट वाईट असलं की जास्त.

पाव सेकंद ऐकायला काहीच नाही. पण आवाज चित्रापेक्षा आधी पोचतो, आणि सर म्हणतात "हां, इथंच, इथं धरा", तोवर मॅडमचं साधन पुढे सरकलेलं असतं. त्यांच्या "इथं"चा आणि सरांच्या "इथं"चा मेळ नाही. रेकॉर्डिंगवर चाचणी केली त्यात हे इतक्यांदा दिसलं की नियमच केला. चालत्या चित्रावर बोट दाखवायचं नाही. सर आधी "थांबा" म्हणणार, मॅडम साधन स्थिर धरणार आणि ओटीतून ती एक फ्रेम काहीही न गमावता दाबून (लॉसलेस), जशी कॅमेऱ्यातून आली तशी, इकडे येणार. तीन एमबीची धरली तर २४ मेगाबिट, चार मेगाबिटवर सहा सेकंद, तेवढा वेळ लाइव्ह व्हिडिओ बारीक करायचा. सर त्या स्टिलवर पेनने रेघ काढणार आणि ती रेघ त्याच स्टिलवर मॅडमना बाजूच्या स्क्रीनवर दिसणार. दिशा सांगायची तर घड्याळाच्या काट्याने, "दोन वाजताच्या बाजूला".

सहा सेकंद थांबायला मॅडमची अजिबात ना नाही. त्या म्हणाल्या, "असं थांबून पाहायचंच असते सर, घाईत कोण क्लिप लावून राहिलं?"

१४ ऑगस्ट

आज ज्यावर काम केलं ते मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. वाईट चित्र वाईट दिसलं तर धोका कमी, माणूस सावध होतो. धोका असतो तो चांगल्या दिसणाऱ्या जुन्या चित्राचा. चाचणीत नेट ओढून काढलं तर स्क्रीनवर शेवटची फ्रेम तशीच राहिली, स्वच्छ आणि स्थिर, आणि ऑपरेशनमध्ये कॅमेरा धरणारा हात स्थिर असला की खरं चित्रही असंच दिसतं. बघणाऱ्याला कळणार कसं?

आता ओटीतच, एन्कोड व्हायच्या आधी, काळ्या कोपऱ्यात घड्याळ छापतो, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंतचं. तो कोपरा एरवी वायाच जात होता. इकडचं सॉफ्टवेअर त्या वेळेची आपल्या वेळेशी तुलना करतं, ४०० मिलीसेकंदांपेक्षा जुनं झालं की गोलाभोवती जाड निळी कडा येते. लाल कडा ठेवली असती तर लाल चित्रात मिसळून गेली असती, असा निळा रंग पोटात सहसा दिसत नाही. पाकीट हरवलं आणि डीकोडरने अंदाजाने ब्लॉक भरले तरी कडा निळी. आणि कडा निळी असताना सरांनी "हो" म्हणायचं नाही, मॅडमनी "हो" मागायचं नाही. दोघांच्याही स्क्रीनवर ती एकदमच दिसते, हे मी मुद्दाम केलं.

२२ ऑगस्ट

कागदपत्रं. पेशंटच्या संमतीपत्रात आता साफ लिहिलंय की नागपूरचे डॉक्टर बघणार, ऑपरेशन इथले डॉक्टर करणार, लिंक तुटली तरी ऑपरेशन इथंच पूर्ण होणार. मराठीत आहेच, आणि माडिया बोलणाऱ्यांना तिथल्याच एक सिस्टर त्यांच्या भाषेत समजावून सांगणार. कॅमेरा युनिट स्क्रीनवर पेशंटचं नाव छापत होतं ते बंद केलं, लिंकवरून नाव जाऊच नये.

७ सप्टेंबर

गणपती बसले, घरची आरती आटोपून थोडा वेळ बसलो. आजचीच तारीख, ७ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये बसून जॅक मारेस्को यांनी फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गमधल्या पेशंटचं पित्ताशय रोबोने काढलं होतं. ऑपरेशन तेच, पित्ताशयाचं. त्यांचा लॅग साधारण १५५ मिलीसेकंद, पण समुद्रापलीकडे राखून ठेवलेली खास फायबर होती. नंतर २००३ पासून कॅनडात मेहरान अन्वारी यांनी हॅमिल्टनमधून चारशे किलोमीटरवरच्या नॉर्थ बेच्या पेशंटची ऑपरेशनं केली. तिथं दूरच्या सर्जनचा हातच लिंकवरून जात होता, त्यामुळे लॅग त्यांच्यासाठी जिवाचा प्रश्न. आपल्याकडे हात पेशंटपाशीच आहे, फक्त डोळे दूर आहेत, म्हणून आपण थोडा लॅग सोसून चित्राचा खरेपणा विकत घेऊ शकतो. स्वस्तातल्या लिंकवर हे जमण्याचं कारण मला तरी हेच दिसतं.

१८ सप्टेंबर

आज पहिली अवघड केस. तरुण पेशंट, सिकलसेल, आधी सूज येऊन गेलेली, त्यामुळे त्रिकोणात सगळं चिकटलेलं. सोप्या केसेस याआधी नीट पार पडल्या होत्या, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

सुरुवात छान. मग कॉटरीचा (विजेने जाळून कापणाऱ्या साधनाचा) धूर भरला आणि बिटरेट आपटला, धूर म्हणजे एन्कोडरसाठी नॉइजसारखाच, सगळी फ्रेम सारखी बदलत राहते. भाऊंनी पोर्टचा (पोटात साधनं घालायच्या नळीचा) कॉक जरा उघडून धूर काढला, चित्र परतलं. पाऊण तासाने मॅडम म्हणाल्या "सर, मला दोन वाटून राहिल्या." सर "थांबा". स्टिल आली. सरांनी बराच वेळ बघितली, जवळ जाऊन बघितली, मग म्हणाले, "मॅडम, मला दुसरीच्या मागे काहीतरी वाटून राहिलं. चरबी आहे का नळी आहे, सांगता येत नाही. मी हो नाही म्हणत."

तेवढ्यात फायबर गेली, कडा निळी झाली, आणि ओटीत कुणीही घाबरलं नाही. मॅडम हात स्थिर ठेवून थांबल्या, सिमवर लिंक सावरली, फ्रेम कमी पण रिझोल्यूशन तेच. दुर्बीण बाहेर काढून गरम सलाइनमध्ये बुडवून पुसली, पुन्हा आत. मागचा पडदा अजून थोडा सोडवला, मग समोरून एक आणि पित्ताशय उलटं पलटून मागून एक अशा दोन स्टिल पाठवल्या. मागे होती ती चरबीच होती, आता तिच्यातून पलीकडचं लिव्हर दिसत होतं. सरांनी दोन्हीवर रेघा काढल्या, नळी हिरवी, धमनी पांढरी, आणि म्हणाले "आता दोनच आहेत. लावा." मॅडमनी स्वतः एकदा पुन्हा बघितलं, मग क्लिप.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला, पेशंट शुद्धीवर, पाणी मागतोय, ऑक्सिजन चांगला. सर फोनवर मॅडमशी बोलताना इतके खुश होते की राउंडला उशीर झाला.

२४ सप्टेंबर

राहिलेली कामं. एन्कोडर आणि राउटरचा यूपीएस वेगळा करायचा, आत्ता तो ॲनेस्थेशियाच्या ट्रॉलीच्या लाइनवर आहे, ते मला पटत नाही. लाइट केबल एक जादा घेऊन ठेवायची आणि दर महिन्याला ठिपके बघून वहीत लिहायचं, वही भाऊंकडे. धुराच्या वेळी बिटरेट किती पडतो याचा लॉग सगळ्या केसेसचा एकत्र काढायचा. स्टिलसाठी मॅडमनी पायाने दाबायचं बटण मागितलंय, हात मोकळे नसतात, बरोबरच आहे त्यांचं, सीताबर्डीला साधा पेडल स्विच मिळतो का ते उद्या बघतो आणि पुढच्या केसच्या आधी बसवून देतो.